वाकलेल्या प्लेटीबद्दलचा चार पानी अहवाल

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा भाजला असल्यामुळे सध्या सात अंगांवर भागवून घ्यावं, आठवं बरं झालं की पाठवते.) तुमची कंबर कशी आहे? मामींची दाढ काढून झाली, की अजून त्यांचा आणि दातांच्या डॉक्टरांचा अबोला आहे? आम्ही सगळे मजेत आहोत. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे, त्यात मागणं वगैरे काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही अकरा वर्षांपूर्वी स्वतः वेल्डिंग करून दिलेली, लाकडं जाळायची लोखंडी शेगडी बाबांच्या शिवणखोलीत अजून खंबीर उभी आहे. (खंबीर हा शब्द पुढे मागे घ्यावा लागेल.) बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला माप घेता घेता ऐकवतात, की ही माझ्या मेव्हण्याच्या हातची, अकरा वर्षांत हिचा स्क्रूसुद्धा फिरवावा लागला नाही. गिऱ्हाईक छातीचं माप देत असतं म्हणून श्वास रोखून ऐकतं, आणि बाबांना वाटतं ते थक्क झालं. खोली उबदार नसली की बाबांची बोटं आखडतात आणि सुई हातात ठरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सध्या शाळेच्या चाळीस गणवेशांचं काम आहे आणि ते सोमवारी द्यायचं आहे.

मी पदवी घेऊन घरी आले, त्याच आठवड्यात थंडी पडली आणि शेगडी खोलीत धूर ओकायला लागली. आपल्या घरात आजवर कोणी पदवीधर नसल्यामुळे पदवीधराने घरात नेमकं काय करायचं असतं, हे कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. माझा विषय राज्यशास्त्र. पण बाबा म्हणाले, "तू शिकलेली आहेस, बघ जरा." मामा, हे ऐकण्यासाठी मी तीन वर्षं अभ्यास केला असं मला त्या क्षणी वाटलं. मी टॉर्च घेऊन शेगडीत डोकं घातलं.

आतली अवस्था पाहून मला रडू यायचं बाकी राहिलं. जाळ थेट नळीत जाऊ नये म्हणून तुम्ही वर जी आडवी लोखंडी प्लेट ठेवली आहे, ती मधोमध जुन्या खाटेसारखी लोंबत होती आणि धुराची वाट अडवत होती. मागच्या दोन विटांना तडे गेले होते, खालच्या जाळीचे दोन दात पडले होते. अकरा वर्षं कोणीतरी आत मुकाट्याने जाळ सोसतंय, वाकतंय, आणि घरात एकालाही त्याचा पत्ता नाही, हे मला फार लागलं. मी चार दिवस शेगडीसमोर बैठक मारून चार पानांचा अहवाल लिहिला (आकृतीसह) आणि जेवताना वाचून दाखवला. दुसऱ्या पानावर बाबांना डुलकी लागली. आईने दोनदा तोंड उघडलं, पण मी तिला सांगितलं की शंका शेवटी विचाराव्यात. शेवट आला तेव्हा ती भांडी घासायला गेली होती.

दुसऱ्या सकाळी मी शिफारस क्रमांक एक अमलात आणली आणि वाकलेली प्लेट भंगारवाल्याला देऊन टाकली. विटांनाही हीच शिक्षा होती, पण त्या निघाल्या नाहीत. मग शेगडी पेटवली. मामा, ती अशी गरजली की शेजारचे काका बघायला आले. सगळी ऊब नळीतून सरळ आभाळात. छपरावर कबुतरं अंग शेकत बसली आणि खाली बाबा कुडकुडत होते. म्हणून मी जुन्या ट्रंकेचं झाकण आत बसवलं. (गुडघा तेव्हाच.) तुमच्या प्लेटीला जे जमायला अकरा वर्षं लागली, ते झाकणाने पाव तासात करून दाखवलं, शिवाय रंग जळाल्याचा वास आला तो वेगळा. आता बाबा हातमोजे घालून शिवतात. काल त्यांनी मोज्याचं एक बोट एका सदऱ्याच्या कॉलरला पक्कं शिवून टाकलं. तरी चिडत नाहीत. शेजारच्या काकांना म्हणाले, "शिकलेलं माणूस करतंय, वेळ लागतो." रागावले असते तर बरं झालं असतं.

असो. बाकी सगळं ठीक. मामींना नमस्कार, धाकट्यांना धपाटा.

तुमची भाची

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहिते. प्लेटीची मापं सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. गुरुवारपर्यंत तशीच एक करून पाठवाल का? आईला कळू देऊ नका.

ता. क. २. पाकिटासाठी आईकडे डिंक मागायला गेले आणि तिने सगळं माझ्या तोंडून काढून घेतलं. मग हात पुसत ती मागच्या अंगणात गेली आणि पाण्याच्या पिंपावरचं झाकण उचलून घेऊन आली. ती तुमची प्लेट होती. भंगारवाल्याकडून तिने त्याच दुपारी परत आणली होती. म्हणाली, "मागितली असतीस तर दिली असती." जाळाने ती एका बाजूला वाकली, की उलटी ठेवायची, मग तोच जाळ तिला सरळ करतो, हे म्हणे तुम्हीच तिला शेगडी देताना सांगितलं होतं. दर वर्षी थंडीच्या तोंडावर, बाबा कापड आणायला गेले की, आई ती काढून उलटते. कडेला खिळ्याने ओढलेल्या दहा रेघा आहेत, वर्षाला एक. यंदा तिला शेगडी मोकळी मिळाली नाही, कारण समोर मी बसले होते, हिच्याकडे कोणी बघत नाही असं लिहीत. बाबांना कधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, "माझ्या भावाचं एवढं कौतुक चालतं, मध्ये कशाला बोलू?"

अकरावी रेघ तिने मला ओढायला लावली आणि प्लेट उलटी करून शेगडीत बसवली. संध्याकाळी बाबांनी मोजे काढले. तेव्हापासून ते गिऱ्हाइकांना सांगतायत, की पोरीने दुरुस्त केली. मी तोंड उघडायचं नाही, अशी आईची ताकीद आहे, आणि माझ्याने हे सहन होत नाही. म्हणून मागणं बदलते. प्लेट नको. बाबांचं माझ्या कौतुकाचं पत्र येईल, त्याला तुम्ही उत्तर लिहा, की ही प्लेट दर वर्षी उलटावीच लागते आणि तुमच्या घरात कोणीतरी ती इतकी वर्षं उलटत असणार, नीट बघा. एवढं पुरे.

ता. क. ३. अहवालाची प्रत मागू नका. आईने चारही पानं शेगडी पेटवायला घेतली. म्हणाली, कागद चांगला आहे, एका काडीत पेटला.