चॅपल जसंच्या तसं

२ फेब्रुवारी
फादरांनी जुनं चॅपल माझ्यावर सोपवलं. एके काळी तिथे लोक प्रार्थना करत. हल्ली मोडक्या खुर्च्या असतात. पुन्हा प्रार्थनेची जागा करायची, तीही मूळ होती तशीच. रिटायर्ड ड्राफ्ट्समनशिवाय हे जमणार कुणाला? फादर म्हणाले, दुसऱ्या कुणी हातच वर केला नाही. किती विनयानं बोलतात! एप्रिलच्या आत आरामात होईल.

५ फेब्रुवारी
पसारा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवला. खुर्च्या, बाकडी, नाक उडालेली मारियामाता. मूर्ती मूळची नाही, मागाहून कुणी तरी ठेवलेली. इतिहासाशी तडजोड नाही. ही म्हणाली, "अहो, तिला शेडमध्ये?" तात्पुरतं, म्हटलं. पाठ धरलीय.

१९ फेब्रुवारी
भिंत खरवडली. निळा रंग. त्याखाली पिवळा. त्याखाली परत निळा. मूळचा कुठला? गवंडी म्हणतो, साहेब, अजून खरवडलंत तर पलीकडचा रस्ता दिसेल. याला दृष्टीच नाही.

११ मार्च
मेहुणीचं ऑपरेशन ठरलं. पोटात गाठ आहे. हिनं विचारलं, चॅपलमध्ये घटकाभर बसू का? वॉर्निश ओलं होतं. गुरुवारी बस म्हटलं. जपमाळ उचलून गेली. समजूतदार आहे.

१४ मार्च, गुरुवार
वॉर्निशचा दुसरा हात. नाइलाज.

२ एप्रिल
शेडमधून कुजबुज. डोकावलो. ही, शेजारची आजी, दवाखान्यातली नर्स, आणखी बरेच जण. मोडक्या खुर्च्यांवर बसून जपमाळ चाललेली. मेणबत्ती माझ्या रंगाच्या डब्यात! 'काम चालू, आत येऊ नये' ही माझी पाटी वाचून लोक सरळ मागे जातात. चॅपल उघडलं की आपोआप इकडे येतील.

१२ मे
उशीर झाला, पण शेवटी उद्घाटन झालं. फादर उंबऱ्यातच थबकले. म्हणाले, इतकं सुंदर की आत पाऊल टाकायची भीती वाटते. याहून मोठी दाद कोणती? सगळ्यांनी फोटो काढले आणि शेडकडे गेले. नव्या रंगाचा वास सोसत नसेल.

२० मे
रोज एकटाच आत बसतो. आज मेहुणीसाठी प्रार्थना करायचीच असं ठरवलं. डोळे मिटले, उघडले. खिडकीची चौकट डावीकडे किंचित उतरलीय. मोजली. उतरलीच आहे. प्रार्थना राहिली. थकवा फार.

२३ मे
शेजारच्या आजीनं वाटेत गाठलं. म्हणाली, मेहुणी घरी आली, गाठ साधी निघाली, देवाची कृपा. मला ठाऊकच नव्हतं. बातमी सकाळीच आली होती. ही ती घेऊन आधी शेडमध्ये धावली.

मीही गेलो. जागा नव्हती. ही बाकावर जरा सरकली. बसलो. पत्रा तापलेला, बाक डुगडुगत होतं. तरी का कोण जाणे, बरं वाटलं. बऱ्याच वेळानं हळूच म्हटलं, "या शेडला जरा..."

हिनं डोळेही उघडले नाहीत. "हात लावायचा नाही."