फणसाच्या बुडाशी टाकलेली चूळ

मु. कुळगी, पेटा सुपे
ता. २५ नोव्हेंबर १९२६

गुरुवर्य पाद्रीसाहेबांचे चरणी यशवंताचा नमस्कार.

आपलं पत्र गुंदला घरी गेलं होतं, तिथून फिरून काल माझ्या हाती आलं. मी कुळगीला का, ते पुढे येईलच. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहितो. भाताची कापणी उरकली. गवे यंदा खालच्या शेतात दोनदाच उतरले. आपण विचारलंत की वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले, मानसशास्त्रातला पहिला नंबर कुठे अडकला? माझा निबंध वाचून दोन विलायती पाद्र्यांनी अभिनंदन केलं, हेही आपण आनंदानं कळवलंत.

साहेब, तो आनंद तुमच्यापाशीच ठेवा.

तुम्ही वर्गात सांगितलं होतंत, "सुट्टीत गावी जाल तेव्हा एका दुःखी माणसापाशी बसा. उपदेश करू नका, ऐका. ऐकलेलं लिहून आणा." मे महिन्यात मी यमुनावहिनीपाशी बसलो. परशुरामदादाची बायको ती. दोन महिन्यांचं मूल गेल्यापासून कुणाशी धड बोलत नव्हती. मी नुसता ऐकत गेलो, तशी ती बोलत गेली. दादालाही न सांगितलेलं तिनं मला सांगितलं. तुमची विद्या खरी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. ते ऐकून मी लिहिलेला निबंध तुम्ही मिशनच्या मासिकात छापलात. मिशनची पुस्तकं विकणारे उमाजी सुप्याच्या बाजारात तांदळाच्या पोत्यावर बसून मासिक मोठ्यानं वाचतात, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? दिवाळीच्या आधीच्या बाजारी त्यांनी वाचलं, 'गुंद गावची एक शोकमग्न माता'. बाईचं नाव घातलं नव्हतं म्हणे! गुंदात घरं किती, आणि गेल्या साली मूल गेलेल्या बाया किती? वहिनी तिथेच मिरच्या घेत उभी होती. शेजारची रुक्मा सगळ्यांदेखत म्हणाली, "म्हंजे पोरगं तापानं न्हाई गेलं व्हय? ही पाजता पाजता त्याच्या अंगावरच निजली!"

वहिनीनं मिरच्या तिथेच टाकल्या आणि रानातल्या वाटेनं एकटी चालत निघाली, ती थेट माहेरी, बाजारकुणंगला.

आता आमच्या घरची रीत ऐका. कुणी मनातलं जड काही सांगितलं, की ऐकणाऱ्यानं चूळ भरायची आणि परसातल्या फणसाच्या बुडाशी टाकायची. त्यानंतर ती गोष्ट मरेपर्यंत तोंडातून काढायची नाही. त्या दिवशी वहिनीनं स्वतः मला पाण्याचा तांब्या आणून दिला. मी चूळ टाकली. आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही, अगदी खरं सांगतो! मी लिहिलं. आमच्या घरात लिहिणारा मीच पहिला. रीत घालून देणाऱ्यांना हातापासूनचा धोका कुठला माहीत असायला? निबंध लिहिताना मी मनाची हीच समजूत घातली, की तोंड तर शुद्ध आहे.

बघा, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय माझं. छापण्याआधी तुम्ही मला बोलावून विचारलं होतंत, "त्या बाईला चालेल ना?" मी हो म्हणालो. तिला न विचारता. तुमच्या कच्च्या प्रतीत 'डोंगरातलं एक गाव' एवढंच होतं. गुंद हे नाव मी घातलं. आमच्या गावाचं नाव आजवर कुठे छापून आलं नव्हतं, म्हणून.

तरी तुमच्यावरचा राग सगळा गेलेला नाही. माझं 'हो' फार लवकर आलं, हे तुम्हाला दिसायला हवं होतं. दुसऱ्याचं मन कसं ओळखावं हे तुम्हीच शिकवत होतात ना?

मी बाजारकुणंगला गेलो. वहिनी पडवीत भात पाखडत होती. मी पाया पडलो. ती म्हणाली, "भाऊजी, तांब्या मीच दिला हुता न्हवं तुमच्या हातात?" एवढंच. सूप थांबलं नाही.

दादा तिला आणायला तयार होता. पण म्हणाला, "आनीन रं, पर गाव तिला जगू दील व्हय?" गावानं ठरवलं होतं की तिनं देवापुढे उभं राहून खरं काय ते सांगावं.

सोमवारी सगळे जमले. तिच्याऐवजी मीच उभा राहिलो. देवाच्या दगडावर हात ठेवून म्हणालो, "वहिनीनं मला काय बी सांगितलं न्हाई. साहेबाची शाबासकी मिळावी म्हनून मी मनानं रचून लिवलं. पोर तापानंच गेलं."

म्हातारा धाकलू माझ्या पायाशी थुंकला. "शिकून आलंय, आन घरच्या बाईवर आळ घेतंय!" दादाला खरं काय ते कळून चुकलं आहे. तरी त्यानं मला सगळ्यांसमोर घराबाहेर काढलं, काढावंच लागलं. दुसऱ्या दिवशी तो वहिनीला घेऊन आला. मी शेताच्या बांधावरून पाहिलं. ती फणसाखालून घरात गेली. मग मी कुळगीची वाट धरली. इथे लाकडाच्या डेपोवर ओंडके मोजायचं काम मिळालं आहे.

आता तुमचं काम सांगतो. येत्या अंकात छापा, की यशवंत नावाच्या विद्यार्थ्यानं तो निबंध मनानं रचला होता. नाव पूर्ण छापा, गावासकट. माझं नाव कॉलेजातून काढावं लागेल, खुशाल काढा. वर्गात माझ्या लबाड मनावर व्याख्यान द्या. आणि उमाजींना तो अंक सुप्याच्या बाजारात मोठ्यानं वाचायला लावा. तुमचा धर्म खोटं छापू देत नाही, ठाऊक आहे मला. माझाही खोटी शपथ घेऊ देत नव्हता.

या पत्रातलं खरं मात्र तुमच्याजवळच राहू द्या. वाचून झालं की चूळ भरा. आणि माझ्यासारखं नुसत्या तोंडावर भागवू नका साहेब, हातही धुवा.

आपला खोटारडा विद्यार्थी,
यशवंत