पटकीची लस आणि हद्दीचा दगड

मंगळवार, १२ जुलै १९५५

आज पटकीची लस टोचणारा आला. आमच्या गल्लीतच तालुक्याची हद्द आहे. दगडाच्या अलीकडे मी, पलीकडे कासीम मिस्त्री. मला टोचून झालं, तोच कासीम तिन्ही मुलींना घेऊन दगड ओलांडून आला.

"चाचा, तुमचा तालुका वेगळा. तुमचा माणूस येईल," टोचणारा म्हणाला.

"कधी, साहेब? शेजारच्या घरात पटकी शिरलीय."

"ते तुमच्या तालुक्याला विचारा."

मी म्हणालो, "राव, पटकीला नकाशा दाखवलात का?"

तो खदखदून हसला आणि पेटी बंद केली. एवढी दाद मला कधी मिळाली नव्हती. काय उपयोग? दुसरं काय करता आलं असतं मला?

दगडाजवळ कासीमने मुलींच्या वर सरकवलेल्या बाह्या एकेक करून खाली केल्या.

"झालं, अब्बा?" धाकटी खुशीत म्हणाली, "दुखलंच नाही!"