हिरोच्या तोंडावर काळी पट्टी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.४०
पटकथा पूर्ण. एकशे बारा पानं. नाव 'पाचवा गिअर'.

'समाप्त' लिहून मान वर केली तर समोर एक काका लर्निंग लायसन्सचा फॉर्म घेऊन उभे. दहा मिनिटं उभा आहे म्हणाले. मी त्यांना शांतपणे सांगितलं की काही कामं फॉर्मपेक्षा मोठी असतात. ते तडक भावोजींकडे तक्रार घेऊन गेले. खुशाल जा. पुढे मुलाखतीत सांगायला किस्सा झाला.

हे भावोजींचं ड्रायव्हिंग स्कूल. एक टेबल, एक पंखा, रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता. कॉलेज सोडल्यापासून मी इथे फॉर्म भरून घेतो. तात्पुरतं. गेले चौदा महिने.

हिरो : ज्वालाग्राही तरुण. कॉलेजला लाथ मारलेला. गाडी अशी चालवतो की रस्ता बाजूला होतो. हिरॉईन : ड्रायव्हिंग शिकवणारी. ती कोणावरून सुचली हे इथेही लिहिणार नाही. ही वही ताईच्या हाती लागू शकते.

(मला स्वतःला गाडी येत नाही, हा वेगळा मुद्दा आहे. खुनाच्या गोष्टी लिहिणारे खून करत नाहीत.)

३ फेब्रुवारी, मंगळवार
योजना. एक : पटकथा 'पटकथा कट्टा'वर टाकायची. ही साइट सगळे निर्माते वाचतात असं तिथल्या पहिल्याच पानावर लिहिलंय. दोन : निर्माता फोन करेल. तीन : तिला सांगायचं. (फोनबद्दल नाही. दुसरं.) चार : बाबांचं तोंड बंद. कॉलेजने जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे, आणि बाबा पुन्हा प्रवेश घेण्याचा फॉर्म रोज माझ्या ताटाशेजारी ठेवतात. मी त्यावर वाटी ठेवतो.

अडचण एकच. चोरी. कट्ट्यावर सगळे हुकलेले, कल्पनाशून्य लोक. एकाची पटकथा वाचली, पहिल्या सीनमध्ये गजर वाजतो आणि हिरो उठतो. अशांच्या पुढ्यात माझी पटकथा उघडी टाकायची म्हणजे तिजोरी फूटपाथवर मांडण्यासारखं.

दुपारी ३
उपाय सापडला. हिरोच्या सगळ्या संवादांवर काळी पट्टी. सीन दिसेल, हिरो तोंड उघडताना दिसेल, पण तो काय बोलतो ते फक्त सही करणाऱ्या निर्मात्याला. हिऱ्यांवर कापड, काचा उघड्या.

काचा म्हणजे हिरॉईनचे संवाद. ते तसेच ठेवले. त्यात चोरण्यासारखं काय आहे? मला ते लिहायला वेळसुद्धा लागला नव्हता. इथे स्कूलच्या गाडीत ती शिकवत असताना मागे बसायचो, वही मांडीवर, आपोआप उतरायचे. तिने एकदा विचारलं की सारखं काय लिहितोस. मी म्हटलं, हजेरी.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी ११.०० : पटकथा कट्ट्यावर.
११.१५ : वाचक शून्य.
दुपारी १.०० : शून्य. संशयास्पद. एवढा शुकशुकाट सहज होत नसतो.
४.३० : वाचक एक. कोण? का? आणि एकच का?
४.४० : तो मीच होतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
पहिला अभिप्राय. टोपणनाव 'कोरा कागद'. लिहितो की हिरो काय बोलतो ते दिसत नाही, पण त्याने काही अडत नाही. ही शिकवणारी बाई मात्र विलक्षण आहे म्हणे. तिची दोन वाक्यं उतरवून काढली आहेत :

"काका, गाडी उभी आहे. घाबरवतंय कोण तुम्हाला?"
"ब्रेक मारला म्हणून माफी मागू नका. ब्रेक त्यासाठीच दिलाय."

दिवसभर डोक्यातून जात नाहीत म्हणे. मला हसू आवरेना. हिरे झाकलेले, आणि हा गडी काचांपुढे बसून भारावलाय. असल्या माणसाला जन्मात चोरी जमायची नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार
जमायला लागली.

कोरा कागदने खासगी निरोप पाठवलाय. यावर छोटी फिल्म करायची आहे. फक्त ती बाई, शिकायला येणारी माणसं आणि गाडी. हिरो काढला तर चालेल का, असं विचारतोय. हिरो काढला तर! म्हणजे आधी हिरो काढायचा, मग लेखक काढायचा. पद्धत जुनी आहे. मी ओळखून आहे.

लगेच कामाला लागलो. गोपनीयतेचा करारनामा तयार केला. अकरा कलमं. वकिलाकडे गेलो नाही, वकिलांची भाषा फार मिळमिळीत असते. सर्वांत मजबूत कलम चौथं, ते इथे उतरवतो :

"शब्द ज्याच्या तोंडचे, मालकी त्याचीच. त्याच्या लेखी परवानगीशिवाय ते शब्द कोणीही, कुठेही, कोणत्याही सबबीवर वापरणार नाही. मग तो प्रेमातला माणूस असो, नात्यातला असो, की मोठा कलावंत."

'मोठा कलावंत' हे कोरा कागदची जिरवायला. त्याला करार पाठवला. त्याने लिहिलं की कलम चार फार आवडलं, बाकी दहा समजली नाहीत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार


ती गाडी लावून आत आली, चावी खिळ्याला अडकवली आणि म्हणाली की तू सिनेमा लिहिलायस असं भावोजी सांगत होते, मला दे की वाचायला.

दुसरा एखादा प्रेमवेडा असता तर तिथेच पानं हातात ठेवून मोकळा झाला असता. मी नाही. प्रेम प्रेमाच्या जागी. मी म्हटलं, आधी सही.

तिने बॉनेटवर कागद ठेवून सगळी अकरा कलमं वाचली. चौथं दोनदा वाचलं, कौतुकानेच. मग सही केली. मीही केली, दोन्ही पक्षांनी करायची असं कलम अकरात आहे. साक्षीदार म्हणून भावोजी. ते म्हणाले, साळेबुवा, लग्नालासुद्धा एवढ्या सह्या लागत नाहीत. ते लग्न म्हणाले हे मी नोंदवून ठेवतो. तीही हसली, हेही.

मग तिला पूर्ण प्रत दिली. पट्ट्या नसलेली. जगात हिरोचे संवाद वाचणारी ती पहिली.

१६ फेब्रुवारी, सोमवार
पटकथेवर तिचा अभिप्राय अजून आलेला नाही. मी शिकवणीच्या गाडीत मागे बसायला गेलो तर म्हणाली की आज नको. एकसष्टाव्या पानापर्यंत पोचली असणार. त्या पानावर हिरॉईन हिरोला म्हणते, 'तुझ्यासारखा दुसरा कोणी नाही.' लाज वाटणं साहजिक आहे.

बाबांनी आज फॉर्मवर पेपरवेट ठेवलं. मी वाटी पेपरवेटवर ठेवली. आई म्हणाली दोघेही जेवताना ती खेळणी बाजूला ठेवा.

१८ फेब्रुवारी, बुधवार
जसं झालं तसं लिहितो. पुढे कोर्टात लागेल.

दुपारी शिकणारे सगळे गेल्यावर ती माझ्या टेबलासमोर बसली. फॉर्म भरायला येणारे बसतात त्या खुर्चीवर. पटकथा पुढ्यात ठेवली. पानापानावर पेन्सिलच्या रेघा. मला वाटलं, आवडलेल्या ओळी.

"हे माझं," ती म्हणाली. पान उलटलं. "हे माझं. हे मी त्या काकांना बोलले होते, ते फाटकाला धडकले त्या दिवशी. हे मागच्या महिन्यातलं. हजेरी लिहीत होतास ना तू?"

मी तिला प्रेरणा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. कच्चा माल आणि कलाकृती यांतला फरक सांगितला. हे बोलताना मी आगीसारखा दिसत असेन. ती माझ्याकडे बघत होती. गाडी बंद पडल्यावर शिकणाऱ्याकडे बघते तशी.

"चोरी होईल म्हणून हिरोच्या बोलण्यावर काळं फासलंस," ती म्हणाली. "आणि माझं उघड्यावर ठेवलंस."

मी म्हटलं, त्यात चोरण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. हे वाक्य मनात जेवढं चांगलं वाटलं होतं तेवढं बाहेर आल्यावर राहिलं नाही.

मग तिने पर्समधून करार काढला. कलम चार. भावोजींना हाक मारली. ते चहाचा कप घेऊन आले, कलम मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, साळेबुवा, हे तर स्पष्टच आहे, लिहिलंय कोणी? मी लिहिलंय म्हटल्यावर म्हणाले, छान लिहिलंय.

एकशे त्रेचाळीस वाक्यं. तिने मोजली आहेत. हिरॉईनचं एकच वाक्य रेघेशिवाय राहिलं. पान एकसष्ट.

"हे तेवढं माझं नाही," ती उठता उठता म्हणाली. "हे मी कधी बोलले नाही. बोलणारही नाही."

संध्याकाळी ६
नीट विचार केला. एक तरी वाक्य संपूर्ण माझं आहे हे तिने साक्षीदारासमोर मान्य केलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार
तिने कोरा कागदचा पत्ता माझ्याकडून घेतला. दिला. देणार नव्हतो, पण ती मागत असताना मला नाही म्हणता येत नाही, हा माझ्या स्वभावातला एकमेव दोष.

आज कोरा कागद आला. म्हणजे आली. मी काळा चष्मा, सिगारेट, कावेबाज डोळे अशी तयारी ठेवली होती. आली ती दातांची डॉक्टर, पन्नाशीची, पायात कापडी बूट. सुट्टीच्या दिवशी फिल्म करते म्हणे. मला म्हणाली, तुमचे खूप आभार, तुम्ही यांची वाक्यं किती जपून उतरवलीत, एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीत. मग बोलता बोलता माझे दात बघत होती.

ही डॉक्टर शिकवणीच्या गाडीत मागे बसली. माझ्या जागी. तिने आधी परवानगी विचारली, आणि ती मिळाली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी उभा होतो. मागून एक बाई फॉर्म मागत होत्या. दिला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.३०
जे होतं ते बऱ्यासाठी. कुबड्या गेल्या. तिची सगळी वाक्यं काढली, हिरोच्या पट्ट्याही काढल्या. आता शुद्ध 'पाचवा गिअर'. आता दिसेल लोकांना : "माझ्या रक्तात पेट्रोल आहे, काडी जपून ओढ!" आता दिसेल : "रस्ता मला विचारतो, साहेब, कुठे वळू?" चोरायची तर चोरा. घाबरत नाही.

दुपारी १.००. वाचक चार. अभिप्राय एक, त्या गजरवाल्याचा : "आधीच्या काळ्या पट्ट्या जास्त बोलत होत्या."

२६ फेब्रुवारी, गुरुवार
कट्ट्यावर पटकथेखाली घातलेली 'परवानगीशिवाय वापरू नये' ही ओळ काढली.

संध्याकाळी ५
'वापरल्यास हरकत नाही' अशी ओळ घातली. डाउनलोडचं कुलूपही काढलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
कोणी नेलं नाही. वाचक अजूनही चारच. एक मी.

गजरवाल्याची पटकथा पुन्हा वाचली. गजर वाजल्यावर तो उठत नाही, आई येऊन बंद करते. मी पहिल्या वेळी पुढे वाचलंच नव्हतं. तशी बरी आहे.

२८ फेब्रुवारी, शनिवार
फॉर्म भरला. कॉलेजचा. चार मिनिटांत, एकही खाडाखोड नाही. चौदा महिने दुसऱ्यांचे भरून हात बसलाय. बाबांनी तीनदा तपासला, चूक सापडेना म्हणून अस्वस्थ होते. आईने वाटी उचलून नेली. यात माघार वगैरे काही नाही. हिरोसुद्धा दुसऱ्या भागात परत येतात.

दुपारी तिच्याकडे गेलो. माफी मागायला नाही. करारातली एक तांत्रिक बाब समजवायला. अर्ध्यावर शब्द संपले आणि मग माफीच मागितली गेली. ती चाकाची हवा बघत होती. वर न बघता म्हणाली, चौदा महिने मागे बसलास, एकदा पुढे बस. सोमवारी सात वाजता. वही घरी ठेवून ये.

पुढे बस म्हणाली. म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर, हे मला नंतर भावोजींनी सांगितलं.

२ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०
सात ते पावणेआठ. गाडी पाच वेळा बंद पडली. एकदा हॉर्नवर हात राहिला, तो सुटेना. भाजीची हातगाडी वाचली, हातगाडीवाला मला काय म्हणाला ते लिहीत नाही. रस्ता बाजूला झाला नाही.

पाचव्यांदा बंद पडली तेव्हा मागे सहा गाड्या अडकल्या होत्या, आणि मी सॉरी सॉरी म्हणत होतो, सगळ्यांना, गाडीलासुद्धा. तेव्हा ती एक वाक्य बोलली. मला. फक्त मला. घरी येईपर्यंत तोंडात घोळवत आलो, एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

आता वही उघडून बसलोय.

लिहीत नाही. कलम चार.