कानाला नाक लावून

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपलं भांडण मिटलेलं नाही, आणि आज ते मिटवायला मी बसलेली नाही. त्या दिवशी पोरीच्या कानात तेल घालू दिलं नाही, ते बरोबरच केलं. आजही तेच करीन.

उमेळ्याच्या आपल्या पानवेलींच्या वाडीतला रविवार डोळ्यांपुढे आहे. न्हाणं झालं की मागच्या पायरीवर आम्हा भावंडांची रांग. तू अंबाड्यातला आकडा काढून पदराला पुसतेस (निर्जंतुक करणं म्हणतात ते आपल्याकडे एवढंच) आणि एकेकाचं डोकं मांडीवर दाबतेस. कानातून निघालेला मळ बाजारात न जाणाऱ्या फाटक्या विड्याच्या पानावर, आणि लगेच निकाल. पानवेलीचं कुठलं पान शिळं, कुठलं सडायला लागलंय, हे तू नुसत्या वासावरून सांगायचीस. तोच न्याय कानांना. काळा मळ म्हणजे उन्हात उंडारणं. कोरडा, कोंड्यासारखा म्हणजे पाणी पीत नाही. मधासारखा चिकट म्हणजे प्रकृती ठणठणीत. तुझा स्वतःचा चिकट होता, हा निव्वळ योगायोग! धाकट्या जावयाचा कोरडा निघाला तर म्हणालीस, "यांचं रक्तच सुकं हो!" तो बिचारा वर्षभर ताक पीत राहिला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी वसई रोडला इमारतीत राहायला गेले होते. मुलगी लहान. सर्दी झाली आणि ती कान धरून रडायला लागली, म्हणून तिला तुझ्याकडे आणली. तू तिला मांडीवर घेतलंस, आकड्याला हातही न लावता तिच्या कानाला नाक लावलंस आणि म्हणालीस, "हा मळ नव्हे. पान सडल्यागत वास येतोय." इथवर ठीक होतं. पण मग उठून लसूण घालून तेल कढवलंस. मी वाटी तुझ्या हातातून घेतली आणि मोरीत ओतली.

"याच तेलावर वाढलात तुम्ही सगळी!"

"म्हणूनच दादा आयुष्यभर 'काय? काय?' करत फिरतोय."

"जा मग तुझ्या डॉक्टरकडे. शिकलेली ना तू! फुटका कान घेऊन माझ्या दारात येऊ नकोस."

"नाही येणार."

डॉक्टर म्हणाले, पडद्याला भोक पडलंय, पू झालाय. तेल आत गेलं असतं तर दुखणं आणखी चिघळलं असतं. मग तुझा सगळा ग्रंथच त्यांनी खोडून टाकला. मळ ही घाण नव्हे, कानाचा राखणदार. काळा म्हणजे बहुतेकदा नुसता जुना. ओला की कोरडा, ते आईबापांकडून येतं, पाण्याताकाशी संबंध नाही. कान कोरू नका. पाणी, पू, रक्त किंवा घाण वास आला तर मात्र थांबू नका. "वेळेवर आणलंत. लक्षात कुणाच्या आलं?" मी दातओठ खात म्हणाले, "माझ्या आईच्या."

कान बरा झाल्यावर मी आले, तुझ्या दारात, मुद्दाम. तू नातीला पाठमोरी उभी केलीस आणि अगदी हळू विचारलंस, "लाडू खाशील?"

"दोन," ती म्हणाली.

"ऐकू येतंय," एवढंच बोललीस आणि डबा काढायला आत गेलीस. तेलाबद्दल चकार शब्द नाही. वाटी ओतल्याबद्दल मीही माफी मागितली नाही. आता तर मुळीच मागणार नाही.

ती आता नोकरीला लागली. ओट्यापाशी मी तुझ्याशी भांडत पुटपुटते, ते तिला बाहेरच्या खोलीत स्पष्ट ऐकू येतं. बघ, कुणाचं खरं झालं!

हे पत्र पाठवायचं नाही. पोचलं असतं तरी तू माझं कधी ऐकलंस? फक्त एक सांगून टाकते. ती न्हाऊन आली की मी केस पुसायच्या निमित्ताने तिचं डोकं जवळ ओढते आणि कानाला नाक लावते.

"आई, काय करतेस?"

"काही नाही गं. शाम्पू कुठला, ते बघतेय."