लाटेला कळणारा शब्द

मुरुड, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या अद्भुतकथांच्या पुस्तकांवर अ‍ॅनिमेशन सिनेमा होतोय, त्यातला पहिला प्रसंग आज दिग्दर्शकाने पाठवला. होडी सुरेख, समुद्र तर अगदी आपला. पण माझी कोळ्याची पोर चेटकी लाटेवर ओरडते, "नाही!" आणि लाट थांबते. चारही पुस्तकांत ती "न्हाय!" म्हणते. ते गावंढळ वाटेल, असं दिग्दर्शक फोनवर म्हणाला.

आईला दाखवलं. कोलंबी सोलता सोलता म्हणाली, "नाही बोलल्यावर लाट कशी थांबंल गो? तिला कळाया नको?"

"बदल मान्य आहे ना?" असा सिनेमावाल्यांचा मेसेज पडून होता. एकच शब्द पाठवला: न्हाय.

टायपिंगची चूक समजतील. समजू देत.