तेवढं झाडाचं सांगू नका

३ मार्च

जळकोटच्या शाळेतला विज्ञानाचा कार्यक्रम झाला. फुगा माझ्याच डोक्यावर घासला, केस उभे राहिले, पोरं हसून लोळली. मग खिडक्या लावून वर्गात अंधार केला. प्लॅस्टिकच्या नळीवर लोकरीचा मफलर घासला आणि बोट जवळ नेलं — चट्. एवढीशी ठिणगी. "हीच ती वीज. ढगातली फक्त लई मोठी."

शेवटी नेहमीचं. मी विचारते, "ढग गडगडले तर?" पोरं ओरडतात, "झाडाखाली थांबायचं नाही." तीन-तीनदा ओरडून घेतलं. गोरोबा, आमचा गाडीवाला, येताना म्हणाला, "मॅडम, मला आता झोपंत बी हेच ऐकू यायलंय."

घसा बसलाय. आई हळदीचं दूध घेऊन मागं लागली आहे.

६ मार्च

घसा तसाच. घरी बसून पाऊस मोजायच्या बाटल्या कापल्या.

११ मार्च

आज माकणीच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत गेले, तारीख ठरवायला. हेडमास्तर कल्याणप्पा गुरुजी. चहा सांगितला, तारीख दिली — पंचवीस मार्च. मग म्हणाले, "आमच्याकडं याच तुम्ही. गरज हाय." मागच्या दसऱ्यानंतर त्यांच्या शाळेतली पाचवीतली एक मुलगी वीज पडून गेली. प्रतीक्षा तिचं नाव. सुट्टी होती म्हणून शेतात भाकरी घेऊन गेली होती.

बाहेर आले तर फाटकाशी एक बाई उभ्या. पदर घट्ट धरलेला.

"तुमीच का इजंचं शिकवनाऱ्या बाई?"

हो म्हटलं.

"मी कस्तुराबाई. प्रतीक्षाची आई."

मग त्या सांगू लागल्या. त्यांची भाची जळकोटच्या शाळेत आहे, ती घरी ओरडत फिरत होती — झाडाखाली थांबायचं नाही. ते ऐकल्यापासून त्या मला शोधत होत्या.

"बाकी समदं सांगा बाई. फुगा दाखवा, पाऊस मोजा. तेवढं झाडाचं सांगू नका."

का, असं विचारलं. त्यांनी शाळेच्या भिंतीकडं बघत सांगितलं.

कापलेल्या सोयाबीनची गंज लावली होती. आभाळ आलं. नवरा, महारुद्र, गंजीवर ताडपत्री ओढत होता. पोरगी बांधावरून येताना दिसली. त्यानं हात केला, ओरडला — "प्रतीक्षा, भिजशील, लिंबाखाली थांब." पोरगी बांधावरच्या कडुलिंबाखाली पळाली. ऐकायची बापाचं.

"लोक त्यास्नी म्हनले, आयुष्यच तेवढं होतं. देवानं नेली. ते तेच धरून बसलेत. तुमी सांगितलंसा झाडानं इज वढून घेतली, मंग ते काय धरतील?"

मी म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार होते?



१२ मार्च

ऑफिसात अमरसिंह सरांना सांगितलं. ते आमचे प्रमुख. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तेच सांगायला तर आपण गावोगाव फिरतो, निकिता." आणि वर — "हवं तर त्या एका शाळेत फक्त पाऊस मोजायचं घे. तू ठरव."

मी ठरव! बरं आहे.

१४ मार्च

धुळवड. खालची पोरं बोलवायला आली, गेले नाही.

१७ मार्च

आज जेवताना आईला सगळं सांगून टाकलं. आई म्हणाली, "नको सांगू. एका घराला आणखी किती जाळायचं?" मी म्हटलं, आणि दुसऱ्या घरची पोर अशीच झाडाखाली उभी राहिली तर? आई उठून भांडी घासायला लागली.

एक आणखी मनात येतं, ते लिहून ठेवते. त्या माणसानं चूक केलीच नाही. पाऊस आला की लेकराला झाडाखाली घ्यायचं, हेच आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत. माझ्या आजोबांनी मलाही घेतलंय, हरभऱ्याच्या रानात, चिंचेखाली. मी वाचले एवढंच. पण हे त्या माणसाला सांगून काय होणार? चूक नव्हती म्हणून पोरगी परत येते का?

२१ मार्च

पुढच्या आठवड्यात गारा-वादळाचा इशारा. वस्तीवरची पोरं शाळा सुटली की रानातच असतात. ठरवलं. सांगणार.

२२ मार्च

सांगणार आहे हे कस्तुराबाईंना आधी सांगावं म्हणून गेले. चोरून करायचं नव्हतं. महारुद्र रानात होते.

दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. खुंटीला शाळेचं दप्तर तसंच. त्यांनी चहा टाकला. मी सांगत होते आणि त्या गाळणी धुवत होत्या. गाळणी धुऊन झाली तरी धुवतच होत्या.

"तुमचं बी खरं हाय," शेवटी म्हणाल्या. "लेकरं समद्यांचीच."

मी म्हटलं, त्या दिवशी महारुद्रांना कुठंतरी बाहेर पाठवा.

"लोहाऱ्याच्या बाजाराला लावून देते. पर पोरं घरोघर ओरडतील, त्याचं?"

मग चहा गाळत म्हणाल्या, "रोज सकाळी उठते बाई, ते त्यांच्यासाठी. चूल पेटवते, ते त्यांनी दोन घास खावं म्हनून. माझं रडनं मी हिरीच्या मोटारीवर धुनं धुताना उरकून घेते. त्यास्नी दिसू देत न्हाय."

निघताना मला जबरदस्तीनं शेंगा बांधून दिल्या. पिशवी अजून तशीच कोपऱ्यात आहे.

२५ मार्च

झालं.

पाऊस मोजायची बाटली, फुगा, ठिणगी. पोरं हसली. मग मी विचारलं, "ढग गडगडले तर?" उत्तर कुणाला माहीत नव्हतं, मीच सांगायचं होतं. पाणी प्यायले. सांगितलं. झाड उंच असतं, वीज उंच वस्तूवर आधी पडते, म्हणून झाडाखाली थांबायचं नाही. घर जवळ असेल तर घरात. नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं, मान खाली, कानांवर हात.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, प्रतीक्षा लिंबाखाली थांबली म्हणून गेली?"

कल्याणप्पा गुरुजी दाराशी होते. त्यांनी मान फिरवली.

मी म्हटलं, "हो. पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या घरच्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी आलेय."

ती मुलगी खाली बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मग सगळ्यांना ओट्यावर नेऊन उकिडवं बसवलं. एवढी पोरं, माना खाली, कानांवर हात, कुणी हसत नव्हतं. आज घोषणा घेतली नाही. माझ्याच्यानं झालं नाही.

सामान आवरताना मागच्या खिडकीकडं लक्ष गेलं. बाहेर एक माणूस उभा होता. खांद्यावर टॉवेल, हातात बाजाराची रिकामी पिशवी. किती वेळ उभा होता, देव जाणे. गुरुजी हळूच म्हणाले, "महारुद्र हाय. बाजाराला गेलाच न्हाय वाटतं." मी दारातून वळसा घालून जाईपर्यंत तो बांधानं निघून गेला होता.

संध्याकाळी कस्तुराबाईंचा फोन. उचलला नाही. परत आला. परत उचलला नाही.

२६ मार्च

गुरुजींना फोन केला. "घरीच हाय. रोजच्यावानी रानात बी जाऊन आला. बोलत न्हाय, पर तसा तो आधीबी कुठं बोलत होता?"

ऑफिसात कुठल्याच कामात लक्ष लागलं नाही. गोरोबा दोनदा विचारून गेला, पुढची शाळा कुठली.

२७ मार्च

काल रात्री तिकडं गारा पडल्या. सकाळी सकाळी गुरुजींना फोन. माणसं सगळी सुखरूप, म्हणाले. एक म्हैस गेली. पुन्हा एकदा विचारून घेतलं, मगच फोन ठेवला.

२९ मार्च

दुपारी ऑफिसच्या जिन्यात महारुद्र भेटले. वर यायला तयार नव्हते. टोपी हातात.

"रागावलो न्हाय बाई. तुमी बराबर सांगितलंसा." मग खाली बघत, "मला पोरगी गेली त्याच दिवशी म्हाईत झालतं. दवाखान्यात डाक्टर म्हनले, झाडाखाली कशाला थांबवली. डाक्टर काय म्हनले, ते घरी हिला कुनी बोललं न्हाय, मी बी न्हाय."

मी विचारलं, इतके दिवस तुम्ही गप्प राहिलात?

"ती मला जपायलीय बाई. त्यापायी उठती, त्यापायी दोन घास खाती. मला ठावं हाय हे तिला कळलं, तर ती कशाला उठल? पोरं काय बी ओरडू द्या, मी कानामागं टाकतो. तुमी तेवढं म्हना, महारुद्र बाजारालाच गेल्ता."

ते गेल्यावर मीच कस्तुराबाईंना फोन लावला. त्यांनी पहिल्याच शब्दाला विचारलं, "त्यांनी ऐकलं तर न्हाय ना बाई?"

"नाही," म्हटलं. "त्यांना काही माहीत नाही."